गाठीचा ताप, मानमोडी आणि माझी चूक



दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तयारीच्या दिवसांत मला ताप भरला. मंडपाचे काम अर्धवट, रजाही शिल्लक नव्हती. सौ.च्या दाढदुखीच्या वेळच्या चार अँटिबायोटिक गोळ्या खणात उरल्या होत्या, त्या घेऊन मी मोकळा झालो. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठले. तपासणीत डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स घसरल्या आणि विसर्जन खाटेवरूनच ऐकावे लागले. डॉक्टर म्हणाले, "साहेब, डेंग्यू हा विषाणूचा रोग. तुमच्या गोळ्या जिवाणूंवरच्या. त्यांच्या भरवशावर चार दिवस वाया घालवलेत."

मी काही डॉक्टर नव्हे, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनीअर. पण पडल्या पडल्या वाचू लागलो आणि या फरकाचा इतिहास आपल्या दाराशी, आपल्याच रुळांवर सापडला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. ऑगस्ट १८९८ मध्ये हा 'गाठीचा ताप' हुबळीकडून रेल्वेने बेंगळुरात पोचला. त्या मार्गावर तेव्हा सदर्न मराठा रेल्वे होती. स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी होत असे, पण उंदीर आणि पिसवांना कोण तपासणार? पिसवांमधून प्लेग पसरतो हे सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी त्याच वर्षी कराचीत प्रयोग करून दाखवले, तरी ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली. शहरातल्या दाट पेठा ओस पडल्या. आपल्या शेजारचे बसवनगुडी आणि तिकडचे मल्लेश्वरम् या मोकळ्या, हवेशीर वसाहती त्या साथीनंतरच भराभर वाढल्या. प्लेगअम्माची देवळे तर बेंगळुरात आजही आहेत.

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. जिवाणू म्हणजे एक पूर्ण पेशी. अन्न मिळाले की तो स्वतः वाढतो, एकाचे दोन होतो आणि विषारी द्रव्ये सोडून शरीर पोखरतो. हाफकिन यांनी मुंबईत तो मांसरसात वाढवला, उष्णतेने मारला आणि त्याची लस जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली.

गंमत अशी की बेंगळुरात प्लेग आला त्याच १८९८ साली हॉलंडमध्ये बायरिंक हे शास्त्रज्ञ तंबाखूच्या रोगट पानांचा रस अतिबारीक गाळणीतून गाळत होते. जिवाणू अडकवणाऱ्या गाळणीतूनही रोग पार जात होता. या अदृश्य कारणाला त्यांनी 'व्हायरस' म्हटले. तोच आपला विषाणू. तो मांसरसात वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते.

आपल्या भाषेत सांगायचे तर जिवाणू म्हणजे स्वतःचे इंजिन असलेली गाडी आणि विषाणू म्हणजे इंजिनाविना नुसता डबा. आत फक्त नकाशे. तो आपल्या पेशीच्या कारखान्यात शिरतो आणि तिथल्याच यंत्रांवर स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. बहुतेक अँटिबायोटिक औषधे जिवाणूच्या इंजिनावर घाव घालतात. ज्याला इंजिनच नाही त्याचे ती काय बिघडवणार?

हा फरक नीट न कळल्याची किंमत १९१८ च्या 'मानमोडी'त दिसली. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. अनेक डॉक्टर तेव्हा एका जिवाणूलाच दोषी मानून त्याच्या लशी बनवत होते. माणसातला खरा विषाणू १९३३ मध्ये सापडला. अर्थात त्या साथीत जिवाणूही निर्दोष नव्हते. विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसांत जिवाणूंचा न्यूमोनिया शिरला आणि पुष्कळ बळी त्यानेच घेतले. म्हणूनच कोणत्या तापाला कोणते औषध, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

१८९८ मध्ये ज्या प्लेगपुढे हात टेकले, तो आज वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिकने बरा होतो. पण उगाच आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांना जिवाणू सरावत चालले आहेत. उद्या आपल्या मुलांना खरोखर गरज पडेल तेव्हा ते औषध चालले पाहिजे. म्हणून मंडळींनो, घरच्या खणात उरलेल्या गोळ्या असतील तर त्या आजच बाहेर काढा. मी काढल्या आहेत.

गणपती बाप्पा मोरया!