विलंबित लयीच्या अभ्यासाकडे

रोजच्या मराठीत ‘विलंब’ म्हटले की तक्रारीचा सूर लागतो : गाडीला विलंब, निकालाला विलंब. ख्यालगायनात मात्र ‘विलंबित’ हे विशेषण ऐसपैसपणाचे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात द्रुत, मध्य आणि विलंबित अशा तीन लयी सांगितल्या आहेत. त्यांतल्या विलंबित लयीने ख्यालाला जे रूप दिले, ते समजून घेऊ पाहणाऱ्या सर्वांचे येथे मनापासून स्वागत आहे. गाण्याची तालीम झालेली नसली तरी बिघडत नाही.

आधी हिशेब पाहू. विलंबित एकतालाच्या मात्रा १२. एकेका मात्रेला चार सेकंद धरले, तर समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, पुढच्या समेपर्यंत ४८ सेकंद जातात. एवढ्या अवधीत वाट चुकू नये याची सोय ठेक्यातच आहे. चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर तबल्यावर ‘तिरकिट’ वाजते. दहाव्या मात्रेचे तिरकिट कानी पडले की सम जवळ आली, हे जाणकार ओळखतो. गायकही आलाप आवरून बंदिशीच्या मुखड्याकडे वळू लागतो. ठेका चोख असतो म्हणून गायकाला घाई करावी लागत नाही, आणि एकेक स्वर निवांत फुलवता येतो.

ही लय सर्व घराण्यांनी सारखी वापरलेली नाही. ग्वाल्हेरचे गायक तिलवाड्यासारख्या तालात बंदिशीचा डौल सांभाळत, फार न रेंगाळता पुढे जातात. जयपूर-अत्रौलीचा विलंबित त्रिताल मध्य लयीकडे झुकतो. किराण्याच्या अब्दुल वहीद खाँनी लय खूपच खाली आणली. त्यांचा प्रभाव घेतलेल्या अमीर खाँनी १४ मात्रांच्या झूमऱ्यात अतिविलंबिताला स्वतःचे रूप दिले. ध्वनिमुद्रणाचाही या इतिहासात वाटा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे; तिच्यात असा विस्तार मावत नसे. लाँगप्ले आल्यावर अमीर खाँचा मारवा घरी बसून सलग ऐकता येऊ लागला.

घराणी, ताल आणि तंत्र यांचे धागे असे एकमेकांत गुंतलेले आहेत, पण अभ्यासाची सुरुवात कानापासूनच करावी. विलंबित एकतालातला एखादा ख्याल लावावा आणि हातावर मात्रा धराव्यात. सुरुवातीची आवर्तने निसटतील, निसटू द्यावीत. तिरकिट ओळखू येऊ लागले, की गायक कुठे थांबला, कुठे वळला आणि का, हे प्रश्न आपोआप पडू लागतात. या विषयातले सगळे संशोधन त्याच प्रश्नांतून उभे राहते.