नावाची पागडी

पेठेत गाळा घ्यावयास निघालेला व्यापारी दोन गोष्टी पाहतो: रस्त्यावरून माणसे किती जातात, आणि त्याच गाळ्यावर आणखी किती जणांचा डोळा आहे. पागडी चढते ती बहुधा दुसऱ्या कारणाने. इंटरनेटवरील पत्त्यांचा, म्हणजे डोमेन-नावांचा, इतिहास चाळताना मला हा जुना हिशेब वारंवार आठवतो.

या पेठेत आरंभी पागडी नव्हतीच. शेवटी ‘डॉट कॉम’ लावलेले पहिले नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी एका अमेरिकन संगणक-कंपनीने नोंदविले. पुढे दहा वर्षे नाव मागावे आणि फुकट मिळावे, असे रामराज्य होते. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर आकार पडू लागला. तरी सट्टेबाजांची झुंबड उडालीच. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरना गेले आणि १९९९ साली ७५ लाखांना! या किमतीला माप कोणते म्हणाल, तर घेणाऱ्याची हौस.

माप आले ते १९९८ साली. बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने शब्दांचा लिलाव मांडला. कोणी ‘विमा’ हा शब्द शोधला की जो विमेवाला प्रत्येक टिचकीमागे अधिक पैसे देईल, त्याचे नाव वर. आणि बोलीचा आकडाही शेजारी उघड मांडलेला! ही कंपनी २००१ साली ओव्हर्चर झाली आणि २००३ साली याहूने ती विकत घेतली. कोणता शब्द महिन्यात किती वेळा शोधला गेला, हेही ती सांगत असे. नावांच्या दलालांच्या हाती आयता तराजू आला: एका पारड्यात शोधणारे, दुसऱ्यात बोली लावणारे.

येथे एक गंमत ध्यानी घ्यावी. गाण्याचे शब्द शोधणारे असंख्य. पण त्यांच्यामागे थैली घेऊन कोण धावणार? विमा शोधणारे त्या मानाने थोडके. परंतु एकेक गिऱ्हाईक वर्षानुवर्षे हप्ते भरते, म्हणून त्याच्यासाठी कंपन्या हातघाईवर येतात. इन्शुरन्स डॉट कॉम हे नाव त्यावरील व्यवसायासह २०१० साली ३ कोटी ५६ लाख डॉलरना विकले गेले, त्याचे इंगित हेच.

मात्र ही पागडी परक्यांच्या चढाओढीवर उभी असते. पेट्स डॉट कॉम हा सर्वांच्या तोंडचा शब्द. तिचे भाग फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आले आणि नोव्हेंबरात दुकानाला टाळे लागले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये, नावात शोधशब्द आहे एवढ्याच पुण्याईवर वर बसलेली निकृष्ट संकेतस्थळे गूगलने खाली ढकलली. वेशीची किल्ली ज्याच्या हाती, त्याने रस्ताच वळविला! आणि खुद्द गूगल? १९९७ साली ते नाव नोंदले गेले तेव्हा तो शब्द शोधणारे कोण होते? त्याला किंमत आली ती कामाने.

२०१४ पासून ‘डॉट भारत’ हे शेपूट लावून देवनागरीतही नाव घेता येते. उद्या घरची सूनबाई फराळाचा धंदा मांडू लागली, तर ‘फराळ’ किती जण शोधतात आणि त्या शब्दासाठी पैसे कोण मोजतो, हे तिने अवश्य पाहावे. पहिल्या दिवाळीला गिऱ्हाईक तो शब्द शोधीत येईल. दुसऱ्या दिवाळीला ते तिचे नाव शोधीत यावे, एवढी चव मात्र चकलीला हवी.