अ‍ॅलर्जी होते म्हणजे शरीरात नेमकं काय घडतं? आणि उपचार कुठवर आलेत?

कोळंबी खाल्ली की कुणाच्या अंगावर लाल गांधी उठतात. माळा साफ करायला घेतला की कुणाला शिंकांवर शिंका येतात. त्याच ताटात जेवणाऱ्या, त्याच घरात राहणाऱ्या दुसऱ्याला मात्र काहीच होत नाही. असं का?

अनेकांना वाटतं, रोगप्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून अ‍ॅलर्जी होते. खरं तर ही शक्ती निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजते, म्हणून अ‍ॅलर्जी होते. त्यामुळे 'इम्युनिटी वाढवणारे' काढे हा तिच्यावरचा इलाज नव्हे.

पहिल्या भेटीत काय होतं?

सहसा काहीच जाणवत नाही. पण आतमध्ये तयारी सुरू झालेली असते. कोळंबीतलं एखादं प्रथिन काही टी पेशींना धोक्याचं वाटतं. त्या बी पेशींना संदेश देतात आणि बी पेशी 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतात. ही प्रतिपिंडं त्वचा, नाक, फुप्फुसं आणि आतड्यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात.

पुढच्या भेटीत काय होतं?

तेच प्रथिन पुन्हा आलं की ते या प्रतिपिंडांना चिकटतं आणि मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून द्रव झिरपतो, त्वचा फुगते आणि खाज सुटते. आपण याला 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो, पण त्याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नसतो.

कोळंबीतल्या त्या प्रथिनाचं नाव ट्रोपोमायोसिन. त्याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत आणि झुरळांतही असतं. म्हणून काही जणांना धूळ आणि कोळंबी, दोन्हींचा त्रास होतो.

हे कळलं कसं?

'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये ऑस्ट्रियाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. १९२१ मध्ये जर्मनीत कार्ल प्राउसनिट्झ यांनी मासे न चालणारे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. मग त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथे गांध उठली! म्हणजे अ‍ॅलर्जीचं कारण रक्तात होतं. ते कारण म्हणजे आयजीई. पण त्याचा शोध लागायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. अमेरिकेत काम करणारं जपानी दांपत्य किमिशिगे व तेरुको इशिझाका आणि स्वीडनमधले संशोधक, अशा दोन गटांनी तो स्वतंत्रपणे लावला.

सगळ्या अ‍ॅलर्जी अशाच असतात का?

नाही. गाजर गवताला हात लागल्यावर त्वचेवर जो चट्टा उठतो, त्यात मुख्य काम टी पेशींचं असतं, आयजीईचं नाही. म्हणून तो लगेच न येता एक-दोन दिवसांनी येतो आणि रेंगाळतो.

गोळी पुरेशी कधी नसते?

हे नीट लक्षात ठेवा. शिंका आणि खाजेवर अँटीहिस्टामिन गोळी चालते. पण श्वास अडकणं, घसा किंवा जीभ सुजणं, चक्कर येणं, रक्तदाब कोसळणं ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणं आहेत. त्यात जीव जाऊ शकतो. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. ते श्वासनलिका मोकळी करतं आणि रक्तदाब सावरतं. गोळी देऊन वाट पाहू नका, आमसुलाच्या पाण्यात वेळ घालवू नका. रुग्णाला चालवू नका, तातडीने रुग्णालयात न्या. बरं वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून डॉक्टर देखरेखीखाली ठेवतात.

मुळावरचा इलाज आहे का?

सर्वांत जुना म्हणजे इम्युनोथेरपी. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क थोडा थोडा टोचून पाहिला. आजही तत्त्व तेच आहे: ज्याचा त्रास होतो तेच अगदी कमी मात्रेत देत शरीराला सवय लावायची. याला काही वर्षं लागतात आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे आयजीईलाच पकडणं. ओमालिझुमॅब हे इंजेक्शन ते काम करतं. अमेरिकेत २००३ मध्ये दम्यासाठी आणि २०२४ मध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी त्याला मंजुरी मिळाली. एका चाचणीत हे औषध घेणाऱ्या ६७ टक्के रुग्णांना ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे साधारण दोन-तीन दाणे, पचले. औषध नसलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होतं. अर्थात हे चुकून पोटात गेलेल्या घासापासूनचं संरक्षण आहे. त्याने शेंगदाणे मनसोक्त खायची मुभा मिळत नाही आणि इंजेक्शनं चालू ठेवावी लागतात.

बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा का?

पूर्वी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ जोखीम असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळायला सांगत. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने हे उलटवलं. अ‍ॅलर्जीची जोखीम असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले. पाच वर्षांच्या वयात टाळणाऱ्या गटात सुमारे १७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्या गटात जेमतेम ३ टक्के.

मात्र बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खा दाणा कधीच देऊ नका, तो घशात अडकतो. बारीक कूट पेजेत मिसळून द्या.