कोनमापनाची एकके

कोनाचे माप व्यक्त करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या परिमाणांना कोनमापनाची एकके म्हणतात. अंश, रेडियन व ग्रेड ही त्यांपैकी प्रमुख होत.

षष्टिमान पद्धती

या पद्धतीत पूर्ण वर्तुळाचे 360 अंश, अंशाचे 60 मिनिटे व मिनिटाचे 60 सेकंद असे भाग करतात. भारतीय ज्योतिर्गणितात मिनिटाला कला आणि सेकंदाला विकला म्हणत. 30 अंशांची एक राशी होई. पृथ्वीला 1 अंश फिरण्यास 4 मिनिटे लागतात. जळगाव व धुळे यांच्या रेखांशांत सुमारे पाऊण अंशाचा फरक असल्याने जळगावची स्थानिक मध्यान्ह धुळ्याच्या सुमारे 3 मिनिटे आधी होते.

रेडियन

त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने वर्तुळकेंद्राशी केलेला कोन म्हणजे 1 रेडियन. त्याचे माप सुमारे 57 अंश 17 मिनिटे 45 सेकंद असते. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत कोनाचे एकक हेच आहे.

ग्रेड

काटकोनाच्या शंभराव्या भागास ग्रेड म्हणतात. पूर्ण वर्तुळ 400 ग्रेडचे असते. फ्रान्समधील दशमान सुधारणांतून ही पद्धती पुढे आली. तिचा वापर मुख्यतः भूमापनात होतो.

भास्कराचार्य आणि त्रिज्या 3438

भास्कराचार्यांनी (जन्म शके 1036, इ.स. 1114) इ.स. 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. त्यातील ज्यासारणीत पूर्वपरंपरेनुसार त्रिज्या 3438 कला धरली आहे. परिघ 21,600 कला मानून त्याला पायच्या दुपटीने भागल्यास 3437.75 येतात, पूर्णांकात 3438. म्हणजेच ही त्रिज्या कलांमध्ये मांडलेला 1 रेडियन होय. कंस व ज्या एकाच एककात असल्यामुळे लहान कोनांत दोन्ही जवळजवळ समान येतात: 225 कलांच्या कंसाची ज्याही 225 कला. रेडियन हे नाव एकोणिसाव्या शतकातले असले, तरी त्यामागील सोय या सारणीत आधीपासून होती.

पाटण येथील मठ

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे इ.स. 1207 चा शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी व भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. लेख संस्कृतात असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. ग्रंथ पुढच्या पिढ्यांना शिकवला जावा यासाठी खानदेशात केलेल्या तरतुदीचा हा समकालीन पुरावा होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला.