पेशवे दप्तर आणि शोधक

दप्तराची थोरवी कागदांच्या राशीवरून ठरविण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. परंतु पुण्याच्या पेशवे दप्तराचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे, विवक्षित माहिती हवी असणाऱ्यास ती तेथे कितपत सुलभतेने हाती लागते, हीच त्याची खरी कसोटी होय, याविषयी मला संशय राहत नाही.

नाना फडणिसांच्या कारकिर्दीत हुजूर दप्तर या कसोटीस उतरत होते. दररोजचा व्यवहार रोजकीर्दीत मितीवार चढे, त्यावरून बाबवार घडणी तयार होई, आणि एकबेरीज दप्तरातील कारकून सालाचा तर्जुमा, म्हणजे वार्षिक गोषवारा, करून शिवाय खर्चाची अकारविल्हे (वर्णानुक्रमाने) खतावणी मांडीत. त्यामुळे अमक्यास सरकारातून काय पावले, हे मिती ठाऊक नसतानाही केवळ नावावरून शोधून काढता येई. विचारणारा कोणत्या अंगाने विचारील याचा असा आगाऊ विचार ज्यांनी केला, त्या अनामिक कारकुनांविषयी मला नितांत आदर वाटतो. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मात्र ही शिस्त मोडली, आणि लोक कागद खुशाल घरी नेऊ लागले.

१८१८ नंतर इंग्रजांनी दप्तर ताब्यात घेऊन लावले, ते महसूल व इनामे यांच्या चौकशीसाठी. १८५२ च्या इनाम कायद्याने तर सनदांची शहानिशा हेच त्याचे मुख्य प्रयोजन झाले. साहजिकच वतनाचा पुरावा पाहणाऱ्या अंमलदाराची सोय झाली, आणि मोहिमांचा पत्रव्यवहार धुंडाळू इच्छिणारा अभ्यासक, दप्तरखान्यात प्रवेश मिळालाच तरी, हजारो रुमालांपुढे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपुढे, दिङ्मूढ होऊन उभा राहिला. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशींतून वेचे काढले. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी मोडी वाचणाऱ्यांच्या साहाय्याने रुमाल सोडवून, १९३० पासून अवघ्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले.

हे ऋण फार मोठे आहे. तरीही ती निवड मुख्यतः राजकारणाच्या जिज्ञासूसाठी झाली. धान्याचे भाव, कारागिरांची मजुरी, एखाद्या कसब्याची जकात यांचा माग काढणाऱ्यास छापील खंड फार दूर नेत नाहीत, आणि त्याला मोडी शिकून घडणीचे व प्रांत अजमासाचे (प्रांतवार जमाखर्चाच्या अंदाजांचे) रुमालच सोडावे लागतात.