काहिलीतली वाफ आणि नॉर्बर्ट रिल्यू

दसरा जवळ आला की आमच्यासारख्या तालुक्याच्या बातमीदाराकडे पत्रिका यायला लागतात. 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ.' वर गणपती, खाली पंचवीस-तीस मान्यवरांची नावं, त्यातलं एखादं राहिलं की दुसऱ्या दिवशी फोन. वीस वर्षं मी या बातम्या करतोय. फोटो ठरलेला: चेअरमनसाहेब सपत्नीक पूजेला बसलेत, मागं संचालक मंडळ मान वर काढून. पुढं गव्हाणीत मोळी टाकायचा फोटो. मग थेट पहिल्या पोत्याचं पूजन.

मोळी आणि पोतं यांच्या मधे काय होतं, हे मी इतक्या वर्षांत एकदाही लिहिलं नाही. आज लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

ऊस गोड असतो, पण त्यात बहुतेक पाणीच असतं हो. ढोबळ हिशेब सांगतो. शंभर किलो रस घेतला तर त्यात विरघळलेला ऐवज पंधरा किलोच्या आसपास. बाकी पाणी. साखर करा नाहीतर गूळ करा, धंदा एकच, हे पाणी घालवायचं. आणि ते घालवताना साखर जळू द्यायची नाही. साखरेचा सगळा इतिहास या एका भांडणाचा आहे. जाळ हवाही आणि नकोही.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मामाच्या गावी, गुऱ्हाळावर. चुलवाणावर भली मोठी काहील, खाली चिपाडाचा जाळ. रस तापायला लागला की वर मळी येते, ती काढायची. भेंडीचं पाणी घालायचं, चुन्याची निवळी घालायची. चुना कशाला, हे तेव्हा कळत नव्हतं. उसाचा रस मुळात थोडा आंबट असतो, आणि आंबटपणा व उष्णता एकत्र आली की साखरेचे तुकडे पडतात, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग गूळ चिकट होतो, बसत नाही. चुना तो आंबटपणा मारतो. आमच्या लोकांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण गूळ का बसला नाही ते बरोबर ठाऊक होतं.

त्या गुऱ्हाळाचे गुळवे होते, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच आलो होतो, प्रश्न विचारायची खाज होती. म्हटलं, "आण्णा, किती डिग्रीला काहील उतरवता?" माझ्याकडं न बघताच म्हणाले, "डिग्री-बिग्री कारखान्यात. हितं डोळा लागतो." मग उलथन्यावरचा थेंब पाण्यात टाकला, बोटानं त्याची गोळी वळली, ताटलीवर आपटली. टण्ण वाजली. "उतरवा रं!"

पुढच्या खेपेला कॉलेजातल्या एका मित्राकडून प्रयोगशाळेचा थर्मामीटर मागून घेऊन गेलो. आण्णांनी "उतरवा" म्हटलं त्या क्षणी पारा ११८ वर होता. दुसऱ्या काहिलीला पुन्हा ११८. पुस्तकात बघितलं तर ढेपेच्या गुळासाठी हाच आकडा. काकवी हवी असेल तर १०५-१०६ ला थांबायचं. पाणी १०० अंशाला उकळतं, पण रस जसा दाट होतो तसा त्याचा उकळबिंदू वर चढत जातो, म्हणून तापमानावरून दाटपणा कळतो. आण्णांचा डोळा तेच मोजत होता. दोन-तीन अंश कमी पडले तर गूळ मऊ, दोन-तीन जास्त झाले तर करपट. पोत्यामागं भाव पडतो तो या दोन-तीन अंशांत. (रंग पांढरा दिसावा म्हणून हायड्रोस टाकायची सवय लागली, तो विषय वेगळा. त्यावर मागं लिहून शिव्या खाल्ल्यात.)

आता काहिलीकडं परत बघा. तोंड उघडं आहे, वाफ आभाळात चाललीय. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० पर्यंत न्यायला साधारण ७० किलोकॅलरी उष्णता लागते. पण उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते ५४० च्या आसपास. म्हणजे जाळाचा खरा पैसा वाफेत जातो, आणि ती वाफ आपण सोडून देतो.

ही उधळपट्टी ज्याला डाचली, त्या माणसाची गोष्ट सांगायला ही पोस्ट आहे. नाव नॉर्बर्ट रिल्यू. जन्म १७ मार्च १८०६, अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात, न्यू ऑर्लीन्स शहरात. वडील गोरे, स्वतः इंजिनिअर. आई कृष्णवर्णीय वंशाची, पण गुलाम नव्हे, 'स्वतंत्र' म्हणून नोंद असलेली. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, कारण तिथल्या कायद्यानं ते होऊच शकत नव्हतं. पोरगा हुशार निघाला, बापानं पॅरिसला शिकायला पाठवला. वयाच्या चोविसाव्या वर्षी तो तिथं उपयोजित यंत्रशास्त्र शिकवत होता आणि वाफेच्या काटकसरीवर निबंध छापत होता. फ्रान्समध्ये मास्तर झालेला हा माणूस १८३० च्या दशकात मायदेशी परतला. तिथं तो पुन्हा 'रंगीत माणूस' झाला. मतदानाचा हक्क नाही, गोऱ्यांच्या पंगतीत जागा नाही.

लुइझियानात तेव्हा साखर कशी व्हायची? एका लांब चुलवाणावर ओळीनं चार-पाच कढया. जाळाच्या तोंडाशी सगळ्यात लहान कढई, लांब टोकाला सगळ्यात मोठी. मोठीत रस ओतायचा, थोडा आटला की लांब दांड्याच्या पळ्यांनी पुढच्या कढईत, तिथून पुढच्या. शेवटच्या लहान कढईत पाक सगळ्यात दाट, सगळ्यात गरम. पळ्या मारणारे हात गुलामांचे. तिकडं थंडीत हिमकडा पडतो, ऊस नासतो, म्हणून तोड आणि गाळप दोन-तीन महिन्यांत उरकायचं, रात्रंदिवस. झोपेनं डोळे मिटत असताना उकळत्या पाकाची पळी उचलायची. पाकाचं पोळणं पाण्यासारखं नसतं हे ज्यांनी चिक्कीचा पाक केलाय त्यांना सांगायला नको. तो अंगाला धरून बसतो.

रिल्यूच्या आधी इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्डनं १८१३ साली निर्वात कढईचं पेटंट घेतलं होतं. कल्पना सोपी आहे. हवेचा दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. आपल्या प्रेशर कुकरात उलट, दाब जास्त म्हणून १०० च्या वर. झाकलेल्या कढईतली हवा पंपानं ओढून घेतली तर रस ६०-७० अंशांतच उकळतो, साखर करपत नाही. हॉवर्डनं साखर वाचवली. वाफ मात्र त्याच्याकडंही वायाच जात होती.

रिल्यूनं या दोन गोष्टींची गाठ मारली. पहिल्या बंद भांड्यातल्या रसाची वाफ बाहेर सोडायची नाही. ती दुसऱ्या भांड्यातल्या नळ्यांत घ्यायची आणि तिच्यावर तिथला रस उकळायचा. पण १०० अंशांच्या वाफेवर १०० अंशांना उकळणारा रस कसा उकळेल? म्हणून दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळेल. तिसऱ्यात आणखी कमी. एकाच जाळावर तीन भांडी, आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात रस दाट होत जातो तसं तापमान खाली येतं. उघड्या काहिलीच्या बरोबर उलटं! जिथं साखर करपायची भीती जास्त, तिथंच उष्णता सगळ्यात कमी.

पहिले दोन प्रयत्न फसले. १८४३ साली पेटंट मिळालं, सुधारित यंत्राचं दुसरं १८४६ ला. थिओडोर पॅकवूड नावाच्या बागायतदाराच्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर यंत्र नीट चाललं आणि बोलबाला झाला. साखर स्वच्छ, सरपण कितीतरी कमी, आणि पळ्या मारायची गरजच नाही. रस पाइपातून आपला आपण पुढं जातो.

आता त्याचा सगळ्यात मोठा पाठीराखा कोण, ते ऐका. जुडा बेंजामिन, वकील आणि पॅकवूडचा मळ्यातला भागीदार. त्यानं रिल्यूच्या यंत्राची छापून स्तुती केली. हाच बेंजामिन पुढं यादवी युद्धात, गुलामी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारात मंत्री झाला. त्याला यंत्र पसंत होतं, यंत्र करणाऱ्याच्या आईची माणसं बाजारात विकायलाही त्याची हरकत नव्हती. रिल्यू यंत्र बसवायला मळ्यावर जायचा तेव्हा त्याच्या मुक्कामाचा पेच पडायचा, असं सांगतात. बंगल्यात गोऱ्यांबरोबर जेवायला बसवता येईना आणि गुलामांच्या चाळीत ठेवता येईना. मग त्याला वेगळं घर द्यायचे.

न्यू ऑर्लीन्सला पिवळ्या तापानं माणसं मरत होती. रिल्यूनं शहराचं सांडपाणी काढायची योजना करून दिली, ती नाकारली गेली. १८५० च्या दशकात स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध वाढत गेले आणि तो फ्रान्सला निघून गेला. तिथं काही वर्षं इंजिनिअरिंग सोडून इजिप्तची चित्रलिपी वाचत बसला! पंचाहत्तरीच्या घरात पुन्हा साखरेकडं वळला आणि बिटाच्या साखरेसाठी नवं पेटंट घेतलं. ८ ऑक्टोबर १८९४ ला पॅरिसमध्ये वारला. (एदगार देगा हा जगप्रसिद्ध चित्रकार त्याच्या नात्यातला. आईकडून.)

मला अडतं ते इथं. या यंत्रानं पोळणारे हात वाचले, हे खरं. पण वाचलेल्या सरपणाचा, चांगल्या साखरेचा पैसा कुणाकडं गेला? यंत्र महाग होतं, ते मोठ्या मळेवाल्यांनीच घेतलं, आणि नफ्यातून त्यांनी आणखी ऊस लावला. पळीवरून सुटलेला गुलाम उसाच्या फडात गेला. गुलामी संपली ती १८६५ ला, युद्ध होऊन. माझे एक इंजिनिअर मित्र म्हणतात, "यंत्रानं माणूस सुटतो." माझं म्हणणं, यंत्रानं वाफ वाचते. माणसाचं वेगळं बघावं लागतं.

आता आपल्या कारखान्यात या. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि पुढं जिल्ह्याजिल्ह्यात चिमण्या उभ्या राहिल्या. त्यातल्या कुठल्याही कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये जा. ओळीनं उभ्या उंच टाक्या दिसतील, कामगार त्यांना 'बॉडी' म्हणतात. पहिली बॉडी, दुसरी बॉडी. चार नाहीतर पाच. पहिलीत तापमान ११० च्या आसपास, शेवटचीत ५५-६०. हाच तो रिल्यूचा इव्हॅपोरेटर. मघाचा हिशेब पुढं न्या: शंभर किलो रस साठ टक्के दाट करायचा तर ७५ किलो पाणी घालवायचं. एका भांड्यात ते करायला जवळजवळ तितकीच वाफ लागली असती, चार बॉडींत वीस किलोच्या आत-बाहेर भागतं. म्हणूनच कारखाना स्वतःच्या बगॅसवर चालतो, बाहेरून सरपण आणत नाही. आणि वर बगॅस उरतो. त्या उरलेल्याची वीज होते, ती विकली जाते.

त्या विजेच्या पैशाचं काय, हा प्रश्न सभासदांनी वार्षिक सभेत विचारायचा असतो. एफआरपी साखर उताऱ्याशी बांधलेली. २०१२ साली रंगराजन समितीनं साखर आणि उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं, त्यावर २०१३ ला आपल्या राज्यात कायदाही झाला. अहवालात तो हिशेब कुठल्या पानावर आहे ते पाहून ठेवा. सभा दहा मिनिटांत गुंडाळली जाते, पान आधी शोधलेलं बरं.

आणि गुऱ्हाळ? तिथली काहील अजून बहुतेक ठिकाणी उघडीच आहे. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेनं एका जाळावर तीन कढया चालणारी भट्टी तयार केली, कोल्हापूरला ऊस व गूळ संशोधनाचं सरकारी केंद्र आहे, वाफेवरची गुऱ्हाळंही काही ठिकाणी निघालीत. पण भावाची खात्री नसलेला गुऱ्हाळवाला त्यात पैसा घालत नाही, त्याला दोष देऊन काय उपयोग.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर, काहील उतरवताना एका मजुराचा पाय मळीवरून घसरला. दोन्ही हात कोपरापर्यंत पाकात. मी बातमी फोनवरून घेतली, दवाखान्यात गेलो नाही, कारण त्या दिवशी अग्निप्रदीपन होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात पूजेचा फोटो तीन कॉलम, आणि खाली कोपऱ्यात चार ओळी: 'गुऱ्हाळावर मजूर भाजला.' नाव चुकीचं छापून आलं होतं. चूक माझीच होती.

दोन वर्षांनी तो बाजारात दिसला. मी ओळख दिली, त्यानं नमस्कार केला, पण बोटं पुरती मिटत नव्हती. "काम काय करता आता?" विचारलं. म्हणाला, "मुकादमानं फडात घेतलं नाही, कोयता धरवत नाही. गुऱ्हाळावरच हाय. जाळ घालतो. चिपाड हलकं असतं."

यंदाची पत्रिका कालच आली. चीफ इंजिनिअरना फोन करून विचारलं, पूजा झाल्यावर बॉयलिंग हाऊस बघू द्याल का, शेवटच्या बॉडीपर्यंत. ते म्हणाले, "या की. आजपर्यंत कुठल्या पत्रकारानं विचारलं नव्हतं." तिथून सुटलो की संध्याकाळी गुऱ्हाळावर जायचंय. तो अजून तिथंच जाळ घालतो, असं कळलंय. नाव या वेळी त्यालाच विचारून लिहून घेईन.