वेताळाच्या वहाणा

मंडळी, परवा नातवाने 'द फँटम' हा १९९६ चा इंग्रजी सिनेमा लावून दिला. "आजी, बघ तुझा वेताळ!" जांभळा अंगाबरोबर बसलेला पोशाख, काळा मुखवटा, पांढरा घोडा. अर्धा तास माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "हा गोरा माणूस तिथल्या जंगलाचा राखणदार कसा गं?" आणि उत्तराची वाट न बघता उठून गेला.

१९६४ साली मी तेरा वर्षांची होते. हा प्रश्न तेव्हा आम्हा भावंडांपैकी कुणालाच पडला नव्हता.

सिनेमा जुन्या वळणाचा आहे. दिग्दर्शक सायमन विन्सर, नायक बिली झेन, गोष्ट १९३८ सालातली. जादूच्या तीन कवट्या, न्यूयॉर्कचा लबाड धनाढ्य, समुद्री चाचे, दोरांच्या पुलावर लोंबकळणारा ट्रक आणि त्यात अडकलेलं पोर! नायक त्या पोराला वाचवतो आणि त्याचा काही गाजावाजा करत नाही. मला हे आवडलं. अमेरिकेत मात्र सिनेमा आपटला. साडेचार कोटी डॉलर खर्चून तिथे जेमतेम पावणेदोन कोटी मिळाले. १९८९ च्या 'बॅटमॅन'नंतर लोकांना काळोखी, कुढणारे नायक हवे होते म्हणे.

असो. ली फॉकने ही चित्रकथा अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू केली ती १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. चित्रं रे मूर यांची. पूर्वज चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागतो, कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि मग बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो. म्हणून लोकांना वाटतं, हा मरतच नाही. सिनेमातला एकविसावा. पण त्या जंगलाचं नाव होतं 'बेंगाली' आणि चाच्यांचं 'सिंग'! म्हणजे राखणदार गोरा आणि दरोडेखोर आपल्या नावाचे. इंग्रजांच्या राज्यात हे कुणाला खटकलं नसेल.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी इंद्रजाल कॉमिक्स काढलं तेव्हा ही नावं बदलली. बेंगालीचं 'डेंकाली' झालं, सिंगचं 'सिंगा'. दोनचार अक्षरांचाच फरक, पण तेवढ्याने जंगल कुठलंच राहिलं नाही आणि म्हणून आमचं झालं. सिनेमावाल्यांनीही सिंगचं 'सेंघ' केलं आहे, मात्र जंगल 'बेंगाला' ठेवलं.

आणि मराठीत त्याचं नाव झालं वेताळ. ज्याने हे नाव सुचवलं त्याला माझा नमस्कार. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. तेव्हा 'चालणारं भूत' म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. शिवाय चित्रांत मुखवट्याआड त्याची बुबुळं कधी दिसत नसत. तो गोरा आहे हे आमच्या मनातसुद्धा आलं नाही. परवा पडद्यावर बिली झेनचे डोळे दिसले तेव्हा ते मला पहिल्यांदा जाणवलं, तेही नातवाने विचारल्यावर.

त्याचं म्हणणं खरं आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्याने जंगल सांभाळायचं आणि तिथल्या माणसांनी त्याचा धाक बाळगायचा, ही साहेबाच्या मनातलीच गोष्ट. सिनेमानेही ती तशीच ठेवली. तरी रात्री गस्त घालणारा माझा वेताळ काही त्यामुळे गोरा होत नाही. दोन्ही गोष्टी मला एकदमच खऱ्या वाटतात, काय करणार!

जाता जाता एक कबुली. १९८१ साली सातवीच्या एका मुलाकडून मी वेताळाचा अंक भर तासाला जप्त केला होता. घरी आणून रात्री वाचला आणि परत दिलाच नाही. तो अजून माझ्या कपाटात आहे. तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे असेल. हे वाचत असशील बाबा, तर येऊन घेऊन जा.